पेंग्विन थंडीचा पक्षी आहे हे कोणी सांगितलं जी?

पेंग्विन म्हटलं की बर्फ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कोणी वेगळं सांगितलं तरी माणूस ऐकून घेत नाही. टीव्हीवर, आईस्क्रीमच्या गाडीवर, फ्रीजच्या जाहिरातीत, पोट्ट्यांच्या अंकलिपीत, सगळीकडे हा गडी बर्फावरच उभा. पण काही वर्षांपासून मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर पेंग्विनवरचं संशोधन वाचत बसतो (कृषी केंद्र आहे आपलं, जून-जुलै सोडला तर वेळच वेळ), आणि जितकं वाचावं तितकी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, की हा पक्षी घडला तो गरम पृथ्वीवर. बर्फ मागाहून आला. आणि आला तेव्हा याच्याकडे थंडीचं बरंचसं सामान आधीच तयार होतं, फक्त ते थंडीसाठी बनवलेलं नव्हतं.

आता हे गावात सांगायला गेलं की मजा होते. आमच्याकडचे लोक मुंबईला दवाखान्याच्या नाहीतर मंत्रालयाच्या कामाने जातात, त्यातले काही राणीच्या बागेत जाऊन पेंग्विन पाहून आलेत. दक्षिण कोरियातून २०१६ मध्ये आणलेले आणि २०१७ पासून लोकांसाठी खुले केलेले ते. शेजारचे दादाजी पाहून आले तेव्हापासून त्यांचं एकच. "त्याईले चोवीस तास एसी हाये ना बाप्पा, अन् आपल्याले कूलरले बी लाईन राह्यत नाही." मी म्हटलं दादाजी, तो हम्बोल्ट जातीचा पेंग्विन आहे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, तिथं मागे पाहिलं तर अटाकामाचं वाळवंट, पाऊस म्हणजे नावालाच, समोरचा समुद्र तेवढा थंड. तर दादाजी म्हणतात, "मंग आपल्या चंद्रपुरात आणून सोडा ना एक, मे महिन्यात पाहू कितीक दिवस टिकते थो." आता ४६-४७ डिग्रीत कोणीच टिकत नाही, तो मुद्दा वेगळा. पण हम्बोल्टला स्वतःच्या गावी थंडीपेक्षा उन्हाचाच जास्त बंदोबस्त करावा लागतो हे खरं आहे. चोचीच्या बुडाशी आणि डोळ्याभोवती त्याची गुलाबी कातडी उघडी असते, पीस नाही, अंगातली गरमी तिथून बाहेर टाकतो. अंडी घालायला जमिनीत बीळ करतो, नाहीतर कपारीत शिरतो, सावलीसाठी. अंटार्क्टिकाच्या अॅडेलीचं उलटं, त्याच्या चोचीवरसुद्धा अर्ध्यापर्यंत पिसं आलेली असतात.

पेंग्विनच्या साधारण १८ जाती धरतात. त्यातली गॅलापागोसची जात तर थेट विषुववृत्तावर राहते. एक दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे सगळ्यात छोटी, किलोभराची. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पिल्लं काढणाऱ्या जाती हाताच्या एका पंजावर मोजून होतात, आणि भर हिवाळ्यात तिथं अंडं घेऊन उभा राहणारा फक्त एक, एम्परर. म्हणजे आपण त्या एकाच्या फोटोवरून सगळ्या खानदानाला बर्फात बसवून टाकलंय.

बरं आता जरा आपल्या वावरात या, कारण ही गोष्ट आपल्या मातीपासूनच सुरू करता येते आणि मला तरी ती तशीच आवडते. आपली काळी कापसाची माती ज्या दगडातून झाली तो दगड म्हणजे दख्खनचा लाव्हा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला. त्या लाव्ह्याच्या खालच्या थरात आमच्या वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडतात, दगड झालेली विष्ठासुद्धा सापडते, आणि डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात जो लांब मानेचा डायनासोर निघाला त्याचं नाव आज जगभर आहे, आयसिसॉरस. तर तो काळ संपला, उल्का आदळली, इकडे लाव्हा वाहतच होता, डायनासोर गेले आणि समुद्रातले मोठमोठे सरपटणारे शिकारीही गेले. समुद्र मोकळा झाला. त्यानंतर जेमतेम पन्नास लाख वर्षांत, म्हणजे भूगर्भवाल्यांच्या हिशेबात लगेचच, न्यूझीलंडच्या किनाऱ्याला एक पक्षी पोहताना दिसतो ज्याला उडता येत नाही. वाइमानू. वय अंदाजे ६ कोटी १० लाख वर्षं. दिसायला आजच्या पेंग्विनसारखा गुबगुबीत नाही, मान जरा लांब, चोच लांब आणि टोकदार, पण पंखाची हाडं चपटी आणि भरीव व्हायला लागलेली. २००६ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. उडणाऱ्या पक्ष्याची हाडं पोकळ असतात, वजन कमी ठेवायला. पाण्याखाली बुडायचं असेल तर पोकळ हाड उलट वैरी, सारखं वर ढकलतं. म्हणून पेंग्विनचं हाड घट्ट.

आजच्या पक्ष्यांचा डीएनए तपासला तर पेंग्विनचे सगळ्यात जवळचे भाऊबंद निघतात अल्बट्रॉस आणि पेट्रेल. म्हणजे जगात सगळ्यात लांब पंखांचा, महिनोन् महिने समुद्रावर तरंगत फिरणारा अल्बट्रॉस आणि ज्याला दोन फूटही उडता येत नाही तो पेंग्विन हे चुलत घराणं.

आता उडणं सोडलं कशाला? इतकी मोठी गोष्ट मिळालेली, ती कोणी सोडतं का? याच्यावर मला सगळ्यात पटलेलं काम २०१३ चं आहे, काईल एलियट आणि त्याच्या सोबत्यांचं, कॅनडाच्या उत्तरेकडचं. तिथं मर नावाचा एक समुद्रपक्षी आहे, दिसायला पेंग्विनसारखाच काळा-पांढरा पण नातं काहीच नाही, आणि तो दोन्ही करतो, उडतोही आणि त्याच पंखांनी पाण्याखाली पोहतोही. या लोकांनी उडताना आणि बुडताना त्याची किती शक्ती जाते ते मोजलं. तर बुडण्यात तो चांगला तरबेज, पेंग्विनच्या खालोखाल, पण उडताना त्याला आरामात बसण्यापेक्षा जवळपास ३१ पट शक्ती लागते. इतकं महाग उडणं दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं मोजलेलं नव्हतं. पाणी दाट, तिथं आखूड आणि ताठ पंख पाहिजे. हवेला लांब आणि हलका पाहिजे. पंख पाण्याला जितका सोयीचा करत न्याल तितकं उडणं अंगावर येत जातं, आणि एका टप्प्यावर पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीत उडणं गळून पडतं. पेंग्विनच्या पूर्वजाचं असंच झालं असावं, आणि न्यूझीलंडच्या बेटांवर तेव्हा जमिनीवरून धावून येणारा मोठा शिकारी नव्हता म्हणून ते परवडलंही.

आणि उडण्याची अट गेली की वजनाची अटही गेली! मग हे पक्षी वाढले किती, तर ऐकून घ्या. न्यूझीलंडलाच ५ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा कुमिमानू, २०२३ मध्ये त्याच्या नव्या जातीचं वर्णन आलं, वजनाचा अंदाज १५० किलो. दीड क्विंटलचा पेंग्विन. आजचा एम्परर ३०-४० किलोचा आणि त्यालाच आपण केवढा मोठा म्हणतो. त्या जातीला नाव दिलंय युअन फोर्डाईस यांचं, ज्यांनी आयुष्यभर न्यूझीलंडमध्ये पेंग्विन आणि व्हेलची हाडं खणली. तिथून पुढे अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावरही राक्षसी पेंग्विन सापडलेत. हे सगळे गेले का, तर सील आणि दातवाले व्हेल समुद्रात आले, अन्नाला वाटेकरी झाले, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. मला यात अजून थोडी जागा रिकामी वाटते, पण दुसरं काही चांगलं कारणही कोणी मांडलेलं माझ्या वाचनात आलं नाही. पहिला जीवाश्म पेंग्विन ज्याने जगासमोर मांडला तो डार्विनचा पाठीराखा टी. एच. हक्सली, साल १८५९, आणि ते हाडही न्यूझीलंडचंच, एकच हाड, पायाचं, त्यावरून गड्याने ओळखलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, गरमी. अंटार्क्टिकावर मोठा बर्फ साचायला लागला तो साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे वाइमानूपासून हिशेब केला तर पेंग्विन त्याआधी जवळपास पावणेतीन कोटी वर्षं बिनबर्फाच्या जगात होते. पेरूच्या वाळवंटात ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे पेंग्विन सापडलेत, त्यातला एक, इन्कायाकू, पिसांच्या ठशासकट. ज्युलिया क्लार्क आणि मंडळींनी २०१० मध्ये त्या पिसांतले रंगाचे सूक्ष्म कण पाहिले तर निघालं की तो काळा-पांढरा नव्हताच, तांबूस-तपकिरी आणि करडा होता. दीड मीटरचा तांबडा पेंग्विन, गरम काळात, विषुववृत्ताकडच्या समुद्रात.

आणि खरी कमाल पंखात आहे. पेंग्विनच्या खांद्याजवळ धमन्या आणि शिरांचं एक जाळं असतं. धडातून पंखाकडे निघालेलं गरम रक्त आणि पंखातून थंड होऊन परतणारं रक्त अगदी एकमेकांना चिकटून उलट दिशेने वाहतं, जाणाऱ्याची ऊब येणाऱ्याला मिळते, त्यामुळे पंख थंडगार राहिला तरी चालतं पण धडातली गरमी बाहेर जात नाही. आता हे मऊ जाळं काही जीवाश्मात टिकत नाही, पण त्या रक्तवाहिन्या दंडाच्या हाडावर खोबण्या पाडून ठेवतात. डॅनियल थॉमस, डॅनियल क्सेपका आणि फोर्डाईस यांनी २०११ मध्ये जुनी हाडं एकेक करून तपासली तर त्या खोबण्या निघाल्या निदान ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीपासून. तेव्हा ध्रुवावर बर्फ नाही, पृथ्वी तापलेली.

मग गरम पृथ्वीवर ऊब राखायचं यंत्र कशाला? मी हे माझ्या भाच्याला विचारलं, नववीत आहे, तो म्हणे मामा मोटरपंप बंद असला की आम्ही विहिरीत पोहायला जातो ना, मे महिन्यात, तासभर झाला की दात वाजतात. बस, तेच उत्तर आहे. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली गरमी ओढतं. समुद्र वीस डिग्रीचा असला तरी ३८-३९ डिग्रीचं अंग घेऊन त्यात तासन् तास मासे पकडायचे म्हणजे गरमी वाया जाणारच, आणि पंख तर सतत हलता, पातळ, सगळीकडून पाण्याने वेढलेला. जास्त वेळ पाण्यात राहता यावं, लांबवर जाता यावं म्हणून ते जाळं आलं. पुढे पृथ्वी थंड झाली तेव्हा तेच जाळं घेऊन काही जाती बर्फाकडे सरकल्या. तयारी एका कामाची, उपयोग दुसऱ्याच कामाला. उत्क्रांतीत हे सारखं होतं, पण इतकं स्वच्छ, हाडावर खोदून ठेवलेलं उदाहरण क्वचित मिळतं.

एम्पररने मात्र त्यावर बराच मोठा इमला चढवला, ते कबूल. मे-जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, मादी एकच अंडं घालते, नराच्या पायावर देते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडं पायावर, पोटाच्या घडीखाली घेऊन दोन महिन्यांवर उभा. आधीचे नटण्या-जुळण्याचे दिवस धरले तर जवळपास चार महिने पोटात अन्न नाही. पिल्लू निघालं आणि आई अजून आली नाही तर हा उपाशी बाप स्वतःच्या अन्ननलिकेतून दुधासारखा घट्ट रस काढून पिल्लाला पाजतो. हे सगळे नर दाटीने एकमेकांना बिलगून उभे राहतात, त्या घोळक्याच्या आत कधी कधी ३७ डिग्रीपर्यंत तापमान मोजलं गेलंय, बाहेर उणे तीस-चाळीस असताना! २०११ मध्ये काही संशोधकांनी टाइम-लॅप्स लावून पाहिलं तर दर अर्ध्या-एक मिनिटाला कोणीतरी एक ५-१० सेंटीमीटरचं पाऊल टाकतो, त्याच्या मागे दुसरा, आणि ती हालचाल लाटेसारखी सगळ्या घोळक्यातून जाते. कोणी पुढारी नाही.

या एम्पररच्या अंड्यासाठी माणसांनी काय भोगलंय ते वेगळंच. १९११ चा हिवाळा, दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या ब्रिटिश कप्तान स्कॉटच्या मोहिमेतले तिघं, एडवर्ड विल्सन, हेन्री बोवर्स आणि अॅप्स्ली चेरी-गॅरार्ड, चोवीस तास अंधार असताना केप क्रोझियरला पायी गेले. उणे साठच्या खाली पारा. तंबू वादळात उडून गेला, नशिबाने सापडला. कशासाठी, तर तेव्हा असं मानत की अंड्यातला गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांचे टप्पे पुन्हा गिरवतो, आणि पेंग्विन हा सगळ्यात आदिम पक्षी असल्याने त्याच्या गर्भात सरपटणाऱ्यांपासून पक्ष्यांपर्यंतचा दुवा दिसेल. तीन अंडी कशीबशी इंग्लंडला पोचली. १९३४ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात फार काही हाती लागलं नाही. तोवर ती कल्पनाच मोडीत निघाली होती, आणि पेंग्विन काही आदिम नाहीच, उडणाऱ्या पूर्वजापासून पुढे आलेला आहे.

पण त्याच विल्सनची दुसरी गोष्ट मला जास्त लागते, कारण ती थेट आपल्या दारात येते. १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना विल्सन, बोवर्स आणि स्कॉट तंबूतच मेले, आणि नोव्हेंबरमध्ये शोधायला गेलेल्यांना त्यांच्याजवळ १६ किलो दगड सापडले. चालायची ताकद नसताना ओढत आणलेले. त्या दगडांत पानांचे ठसे होते, ग्लॉसॉप्टेरिस इंडिका. नावातच इंडिया आहे बघा, कारण हे पान आपल्याकडच्या कोळशाच्या थरांतलं जुनं ओळखीचं. नागपूरला हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, ज्यांच्या नावाचं ते आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर-कामठीकडून जमवलेल्या पानांच्या जीवाश्मांवर १८६१ मध्येच लंडनला लेख छापून आला होता, त्यात हीच वनस्पती होती. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुसचा कोळसा ज्या जंगलांचा झाला त्याच झाडांची पानं अंटार्क्टिकात. दोन्ही जमिनी तेव्हा गोंडवाना नावाच्या एकाच जुन्या महाखंडात जोडलेल्या. माझा साळा खाणीत कामाला आहे, त्याला हे सांगितलं तर म्हणे आमच्याकडे असे पानाचे दगड येतात अन् आम्ही फेकून देतो. म्हटलं फेकू नको राजा, एखादा तरी आणून दे.

बाकी किरकोळ पण भारी गोष्टी भरपूर आहेत. २०१५ मध्ये जनुकं तपासून लक्षात आलं की पेंग्विनला गोड, कडू आणि मांसामाशांची ती खास उमामी चव, तिन्ही कळत नसाव्यात, उरतात आंबट आणि खारट. दिवसभर मासे खाणाऱ्याला माशाचीच चव नाही. २०२३ मध्ये चिनस्ट्रॅप पेंग्विनच्या डोक्याला यंत्र लावून पाहिलं तर पिल्लं सांभाळताना तो चार-चार सेकंदाची झोप घेतो, दिवसात दहा हजाराहून जास्त वेळा, आणि बेरीज होते अकरा तास. (रात्रीची लाईन असताना ओलिताला जाणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये, आपल्या डोक्याला ते जमत नाही.) आणि २००३ चा तो पेपर ज्याला २००५ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं, घरट्यातून न उठता पेंग्विन शीट किती जोराने फेकतो, त्याचा दाब काढलेला, ४० सेंटीमीटर लांब जाते. लोक हसतात, पण पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेतून त्याचं जेवण शोधतातच की.

शीटवरून आठवलं, एम्परर मोजतात तेही शीटवरूनच. पांढऱ्या बर्फावर तपकिरी डाग पडतो, तो उपग्रहातून दिसतो. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पीटर फ्रेटवेल यांनी २००९ मध्ये अशा वसाहती शोधून काढल्या, आणि २०१२ च्या मोजणीत ४६ वसाहती आणि जवळपास ५ लाख ९५ हजार पक्षी निघाले. त्याच डागांवरून वाईट बातमीही कळते. एम्पररच्या पिल्लाला आधी जी लव असते ती पाण्यात भिजते, पाणी न शिरणारी पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, त्याच्या पायाखालचा समुद्री बर्फ टिकला पाहिजे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रात तो आधीच फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं जवळजवळ सगळी गेली असणार. हॅली बेची मोठी वसाहत २०१६ पासून लागोपाठ तीन वर्षं अशीच फसली, तिथले बरेच पक्षी शेजारच्या वसाहतीत जाऊन राहिले.

म्हणजे सरकता येतं त्यांना. बदलता किती लवकर येतं हा प्रश्न आहे. २०२२ मध्ये थेरेसा कोल आणि मंडळींनी आजच्या सगळ्या पेंग्विनचे जीनोम, म्हणजे त्यांचा पूर्ण डीएनए, आणि जुने जीवाश्म एकत्र ताडून पाहिले तेव्हा दिसलं की आतापर्यंत तपासलेल्या पक्ष्यांत बदलायचा वेग सगळ्यात कमी पेंग्विनचा. ते जाळं, ती भरीव हाडं, सगळं जमायला कोट्यवधी वर्षं होती. आणि २०२३ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ उपग्रहाच्या नोंदी सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी भरला, त्याच्या आदल्याच वर्षी ती चार वसाहतींची पिल्लं गेलेली.